अंदाजपत्रकावरील मताचा हिशेब

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे ज्या वस्तीकडे पाच वर्षे कोणी फिरकत नाही, त्या वस्तीतील विहाराच्या दारात मोटारी उभ्या राहू लागतात. उमेदवार येतात, तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांस हार घालतात, हात जोडून त्रिशरण म्हणण्याचा प्रयत्न करतात आणि समाजमंदिरास फरशी, वस्तीस नळ व तरुणांस रोजगार देण्याचे वचन देऊन पुढच्या वस्तीकडे निघून जातात. गेल्या निवडणुकीच्या वेळी अशाच एका सभेस मी उपस्थित होतो. उमेदवार हे मावळत्या सभागृहाचे सदस्य होते. वाणी गोड, वागणूक नम्र. त्यांचे भाषण संपल्यावर मागे बसलेली एक वृद्ध भगिनी उभी राहिली व म्हणाली, "साहेब, माझ्या नातवाची शिष्यवृत्ती दोन वर्षं थकली. सरकारात पैसे मंजूर करतात तेव्हा तुम्ही तिथं असता ना? मग तुम्ही हो म्हणालात का नाही म्हणालात?"

उमेदवार हसले. "मावशी, आम्ही कायम तुमच्याच बाजूनं," असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या आणि सभा संपली. म्हातारीच्या प्रश्नास उत्तर मिळाले, असे बहुतेकांस वाटले. मला मात्र त्या रात्री स्वस्थ झोप लागली नाही. वकिली करणाऱ्या माणसाची ही खोड म्हणा. साक्षीदाराने प्रश्नाला बगल दिली की ती कानाला टोचते. म्हातारीने भावना विचारली नव्हती, वस्तुस्थिती विचारली होती. अमुक दिवशी, अमुक मागणीवर, आपण कोणत्या बाजूस मत दिले?

सवड काढून मी विधिमंडळाचे कार्यवृत्त पाहण्यास बसलो. मंत्र्यांची भाषणे होती, घोषणा होत्या, सभात्यागाच्या नोंदी होत्या. ज्या ठिकाणी कोट्यवधी रुपयांच्या मागण्यांचा निकाल लागला त्या ठिकाणी मात्र एवढेच आढळले की, प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. कोणी होकार दिला, कोणी नकार दिला, कोण सभागृहात होते आणि कोण उपाहारगृहात होते, याविषयी एक अक्षर नव्हते. त्या सभेत उमेदवार खोटे बोलले असे मी म्हणू शकत नाही. ते खरे बोलले असेही मी म्हणू शकत नाही. ही स्थिती एकट्या त्यांची नाही आणि एका पक्षाचीही नाही. म्हणूनच तिच्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

धम्मात नव्याने आलेल्या आपल्या कुटुंबांस या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे. १९९० साली संसदेने कायदा करून १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा हक्क धर्मांतरामुळे नाहीसा होणार नाही अशी तरतूद केली. चौतीस वर्षांच्या झगड्यानंतर कायद्याने आपला हक्क मान्य केला. परंतु कायद्यातील हक्क हा दाराची चावी आहे. दारामागच्या कोठीत धान्य आहे की नाही हे अंदाजपत्रक ठरविते. जातीचा दाखला हाती असून वसतिगृहात जागा नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर असून बँकेच्या खात्यात रक्कम नाही, असा अनुभव ज्या घरात आला आहे त्या घरास हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता संविधान काय सांगते ते पाहू. अनुच्छेद २६५ म्हणतो की कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. राज्यांपुरते बोलायचे तर अनुच्छेद २०२ अन्वये वार्षिक वित्तीय विवरणपत्र सभागृहापुढे ठेवले जाते. अनुच्छेद २०३ अन्वये खर्चाच्या अंदाजांवर विधानसभा अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने मत देते. आणि अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजनाचा कायदा झाल्याखेरीज राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. संसदेसाठी हीच व्यवस्था अनुच्छेद ११२ ते ११४ मध्ये आहे. विधानसभा मागणीस संमती देऊ शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करू शकते. रक्कम वाढविण्याचा अधिकार तिला नाही. म्हणून शंभर रुपयांची कपात सुचविण्याची जुनी रीत आहे. शंभर रुपये वाचावेत हा तिचा हेतू नसतो. त्या निमित्ताने मागणीवर बोट ठेवता यावे आणि मत मागता यावे हा असतो.

म्हणजे सरकार कितीही बलाढ्य असले तरी तिजोरीची किल्ली सदस्यांच्या मतांत आहे. मते देण्याची पद्धत मात्र अशी आहे की अध्यक्ष प्रस्ताव वाचतात, अनुकूल सदस्य 'होय' म्हणतात, प्रतिकूल 'नाही' म्हणतात आणि आवाजाच्या मानाने निकाल जाहीर होतो. यास आवाजी मतदान म्हणतात. एखाद्या सदस्याने निकालास हरकत घेऊन मतविभागणी मागितली, म्हणजे आपल्या सभागृहांच्या बोलीत 'पोल' मागितला, तरच मतांची मोजदाद होते. तीतही एक मेख आहे. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांस वाटल्यास ते सदस्यांना आपापल्या जागी उभे करून डोकी मोजू शकतात, आणि त्या प्रसंगी मत देणाऱ्यांची नावे नोंदली जात नाहीत. संख्या उरते, माणूस नाहीसा होतो.

आपल्यापैकी पुष्कळांचा येथे एक गैरसमज असतो. मतदान गुप्त असावे हे आपण शाळेत शिकलो; तेव्हा सभासदाचे मतही गुप्त राहिले तर बिघडले काय, असे काही सुशिक्षित मंडळीही विचारतात. मतदाराचे मत गुप्त आहे ते अशासाठी की मजुरास मालकाचे, कुळास जमीनदाराचे आणि महारवाड्यास पाटलाचे भय वाटू नये. सभासद हा मजूर नव्हे. तो आपला मुखत्यार आहे. मुखत्याराने धन्याच्या पैशाचा व्यवहार धन्यापासून गुप्त ठेवावा असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? तेथे गुप्तता दुबळ्याचे रक्षण करीत नाही. ती मुखत्याराचे धन्यापासून रक्षण करते.

दुसरी गोष्ट वेळेची. मागण्यांवरील चर्चेसाठी ठरविलेला शेवटचा दिवस संपत आला म्हणजे राहिलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकून चर्चेविना मंजूर केल्या जातात. फ्रान्समध्ये मुंडकी उडविण्याच्या यंत्रास जे नाव होते तेच, गिलोटिन हे, संसदेत या रीतीस आहे, आणि ते नाव ठेवणारा मनुष्य विनोदी असला तरी अप्रामाणिक नव्हता. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळ चालू असता सर्व मंत्रालयांच्या मागण्या व वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले. २०२३ च्या मार्च महिन्यातही तसेच घडले. २४ तारखेस वित्त विधेयक ६४ सरकारी दुरुस्त्यांसह चर्चेवाचून संमत झाले. चौसष्ट दुरुस्त्या! सामान्य दिवाणी दाव्यात कैफियतीतील एक ओळ बदलायची तरी आम्हा वकिलांस अर्ज द्यावा लागतो आणि दुसऱ्या बाजूस ऐकून घ्यावे लागते. अशा गोंधळाचा दोष केवळ सरकार पक्षाचा असतो असेही नाही. गोंधळ विरोधी पक्ष घालतो, लाभ सरकार घेते, आणि दोघांच्याही मतांची नोंद राहत नाही म्हणून दोघेही निर्धास्त असतात.

वित्त विधेयकाच्या पोटात काय काय जाऊ शकते याचे एक उदाहरण पुरे आहे. २०१७ च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोख्यांची वाट मोकळी झाली. राज्यसभेने २९ मार्च २०१७ रोजी त्या विधेयकास पाच दुरुस्त्या सुचविल्या. लोकसभेने दुसऱ्याच दिवशी त्या फेटाळल्या. पुढे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची ती योजना घटनाबाह्य ठरविली. मधल्या सात वर्षांत कोणत्या खासदारास लोकांनी विचारले की, महाराज, त्या दिवशी आपण कोणीकडे होता?

तिसरी अडचण पक्षादेशाची. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा मतदानास गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा न केल्यास, सदस्यत्वास मुकतो. आयाराम-गयारामांच्या बाजाराला आळा घालणे हा हेतू रास्त होता. १९९२ मध्ये किहोटो होलोहन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अनुसूची वैध ठरविली. मात्र आदेशाविरुद्ध मत दिल्याबद्दलची ही शिक्षा सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरती मर्यादित असावी, असेही सांगितले. अंदाजपत्रक हे सरकारच्या अस्तित्वाशी निगडितच असते. तेव्हा महाराष्ट्र विधानसभेतील २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या २९ जागांवरून निवडून आलेले सदस्यही सामाजिक न्याय खात्याच्या मागणीवर आपल्या वस्तीच्या मनाप्रमाणे मत देऊ शकत नाहीत. पक्षाच्या मनाप्रमाणे देतात. हे त्यांनी उघड सांगितले तर मी त्यांस दोष देणार नाही. परंतु निवडणुकीच्या सभेत 'मी भांडलो' असे सांगावयाचे आणि सभागृहात आवाजाच्या गर्दीत 'होय' म्हणावयाचे, हे दोन्ही एकदम चालू शकते ते केवळ नोंद नसल्यामुळे.

नोंद असली म्हणजे काय होते, हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. २०१० च्या अंदाजपत्रकात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी पेट्रोल व डिझेल यांवरील अबकारी कर लिटरमागे एक रुपयाने वाढविला आणि कच्च्या तेलावर ५ टक्के सीमाशुल्क पुन्हा लागू केले. महागाईने लोक हैराण होते. विरोधकांनी लोकसभेत कपात सूचना मांडल्या आणि २७ एप्रिल २०१० रोजी त्यांवर मतविभागणी झाली. पहिल्या सूचनेच्या बाजूने २०१ आणि विरुद्ध २८९ मते पडली. सूचना पडली, सरकार तरले. परंतु त्या दिवशी जे उघडे झाले ते भाषणांनी कधीच झाले नसते.

त्याच दिवशी डाव्या व इतर पक्षांनी महागाईविरुद्ध देशव्यापी बंद पुकारला होता. समाजवादी पक्ष व राष्ट्रीय जनता दल हे बंदात होते. मतदानाच्या वेळी मात्र दोहोंनी सभात्याग केला. रस्त्यावर चाके थांबविणारे मतांच्या मोजणीत दिसले नाहीत. बहुजन समाज पक्षाच्या एकवीस सदस्यांनी सरकारच्या बाजूने, म्हणजे करवाढ कायम राहील अशा बाजूने, कौल दिला. जातीयवादी शक्तींना बळ मिळू नये म्हणून आपण हा निर्णय घेतला, असे त्या पक्षाच्या नेत्या मायावती यांनी जाहीर केले. हे कारण कोणास पटेल, कोणास पटणार नाही. आपल्या समाजात त्या वेळी यावरून वाद झाले, आणि ते व्हावयास हवेच होते. मतदारास 'तुम्ही असे का केले' असे विचारता आले आणि नेत्यास उत्तर द्यावे लागले, कारण आकडा आणि नावे कागदावर होती. झारखंडचे तत्कालीन मुख्यमंत्री शिबू सोरेन हे तेव्हा लोकसभेचेही सदस्य होते. त्यांचे राज्यातील सरकार भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते आणि त्यांनी मत दिले केंद्र सरकारच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी भारतीय जनता पक्षाने पाठिंबा काढून घेत असल्याचे जाहीर केले. मे महिन्याअखेर सोरेन यांस राजीनामा द्यावा लागला. एका नोंदलेल्या मताने एका राज्याचे सरकार डळमळले. आवाजी मतदान झाले असते तर त्यांचे 'नाही' त्या कोलाहलात कोणाच्या कानी पडले असते?

या विषयात आपल्या पूर्वसूरींचा कित्ता कोणता होता हेही सांगणे प्राप्त आहे. प्रांतिक अर्थकारणावर प्रबंध लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलात नामनियुक्त सदस्य म्हणून बसले, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. त्यांचा आक्षेप असा होता की प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या खाली माफ असतो. शेतसारा मात्र शेतकरी कितीही दरिद्री असो, पीक बुडालेले असो, प्रत्येकास भरावा लागतो. ज्याची देण्याची ऐपत नाही त्याच्यापासून घेणारा कर न्याय्य नाही. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून आलेला हा सदस्य केवळ अस्पृश्यांच्या रकमेपुरता बोलला नाही. कर कोण भरतो आणि पैसा कोठे जातो, हे दोन्ही प्रश्न त्याने एकत्र विचारले. आज आपले प्रतिनिधी दुसरा प्रश्न कधीकधी विचारतात, पहिला क्वचितच.

पैसा कोठे जातो ते आधी पाहू. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास सुरू झाली; पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतील पैसा वेगळा काढून ठेवावा हे तिचे तत्त्व. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे हे प्रमाण ११.८ टक्के आहे. तत्त्व चांगले, पण त्याला कुलूप नाही. दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी या उपयोजनेतील सहाशे कोटींहून अधिक रुपये वळविले गेले, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत ती चूक मान्य करावी लागली. आपल्या राज्यात २०२५ च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचा चारशे कोटींहून अधिक निधी वळविल्याची तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. लाभार्थी स्त्रियांत अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेत, असे समर्थन सरकारपक्षाकडून करण्यात आले. भगिनींना साहाय्य मिळाले याचा आनंदच आहे. परंतु सर्व स्त्रियांसाठी असलेल्या योजनेचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून व्हावा, वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या कोठीतून नव्हे. रस्ता सर्वांसाठी बांधला आणि त्यावरून आपलीही माणसे चालतात म्हणून त्याचा खर्च उपयोजनेवर टाकला, तर उपयोजना राहिली कोठे?

अविभाजित आंध्र प्रदेशाने व कर्नाटकाने २०१३ मध्ये, आणि तेलंगणाने २०१७ मध्ये, या पैशास कायद्याचे संरक्षण देण्याचे अधिनियम केले. महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. ही मागणी मोर्चात मान्य करणारे सदस्य पुष्कळ भेटतात. ज्या दिवशी खात्याची मागणी मतास आली त्या दिवशी त्यांपैकी कितीजणांनी कपात सूचना दिली आणि पोल मागितला, हे त्यांस विचारून पाहावे.

आणखी एक खिंडार पुरवणी मागण्यांचे आहे. अनुच्छेद २०५ ही सोय आकस्मिक किंवा अपुऱ्या पडलेल्या खर्चासाठी देतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्या वर्षीचे अंदाजपत्रक सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचे होते. म्हणजे मूळ खर्चाच्या सातव्या हिश्शाहून अधिक रक्कम, तीही वर्षाच्या चौथ्या महिन्यात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. घरातील कर्त्या बाईने वर्षाचे सामान भरून चार महिने होत नाहीत तोच सातव्या हिश्शाचे उसने मागितले, तर आपण तिचा हिशेब पाहतो. सभागृहाने किती पाहिला, हे मतांच्या नोंदीवाचून कळावयाचे नाही.

आता कर कोण भरतो याविषयी. वस्तू व सेवा कर आला तो १०१ व्या घटनादुरुस्तीने. घटनादुरुस्तीस विशेष बहुमत लागत असल्याने तेथे मते मोजावीच लागतात. राज्यसभेत ३ ऑगस्ट २०१६ रोजी ती २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. एवढी एक नोंद करून सदस्य मोकळे झाले. त्यानंतर करांचे दर ठरतात ते वस्तू व सेवा कर परिषदेत, जेथे केंद्राच्या मतास एक तृतीयांश वजन आहे, सर्व राज्यांस मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. परिषदेत पहिले प्रत्यक्ष मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तेही लॉटरीवरील करासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात स्पष्ट केले की परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. तरीही त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ जुलै २०२२ पासून, पाकिटबंद व लेबल लावलेल्या पीठ, तांदूळ व दह्यावर ५ टक्के कर बसला तो परिषदेच्या शिफारशीवरून निघालेल्या अधिसूचनेनेच. कोणत्याही सभागृहात त्या दरावर सदस्यांचे मत घेतले गेले नाही. विरोधी पक्षांनी निदर्शने केली. त्यावर केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की हा निर्णय परिषदेत एकमताने झाला. म्हणजे ज्या पक्षांची राज्यांत सरकारे होती त्यांचे मंत्री परिषदेत संमती देऊन आले आणि त्यांचेच सदस्य रस्त्यावर पिठाची पाकिटे हाती घेऊन उभे राहिले. १९२७ मध्ये शेतसाऱ्यास जो आक्षेप घेतला गेला तो या पाकिटासही लागू पडतो. धनिकाचे पीठ आणि मोलकरणीचे पीठ एकाच दराने कर भरते.

मतांची नोंद असली की सर्व प्रकाश पडतो, अशी भाबडी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत नोंदीची परंपरा जुनी आहे. उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास प्रत्येकाचे होय-नाही कामकाजात नोंदले पाहिजे, असे त्या देशाच्या संविधानातच आहे; आणि प्रतिनिधिगृहाच्या नियमांत १९९५ पासून अशी तरतूद आहे की अंदाजपत्रकाचा ठराव, सर्वसाधारण विनियोजन विधेयके आणि प्राप्तिकराचे दर वाढविणारी विधेयके यांवर शेवटचे मत कोणी मागो न मागो, नावानिशीच नोंदले जावे. एवढे असूनही २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांनी सिनेटमध्ये ३५० वेळा अधिक करांच्या बाजूने मत दिले, असा प्रचार त्यांच्या विरोधकांनी केला. तपासणाऱ्यांना आढळले की करकपातीस विरोध करणारी, किंवा कर आहे तसा ठेवणारी मतेही त्या आकड्यात मोजली होती. श्रीमंतांची करसवलत काढून घेऊन युद्धाचा खर्च भागवावा या दुरुस्तीस केरी यांनी अनुकूल मत दिले, ती पडल्यावर मूळ खर्चास प्रतिकूल मत दिले, आणि देशभर त्यांची थट्टा झाली. तेव्हा 'अमुक सदस्याने मागासवर्गीयांच्या निधीविरुद्ध मत दिले' असे पत्रक हाती आले तर मागणी कोणती होती, कपात सूचना कोणती होती आणि मत कोणत्या टप्प्यावर दिले, हे विचारल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये. विरोधी सदस्याने अपुऱ्या रकमेच्या निषेधार्थ मागणीविरुद्ध दिलेले मत हे निधीविरुद्धचे मत नसते. खोटी साक्ष उलटतपासणीत टिकत नाही. परंतु उलटतपासणीसाठी आधी साक्ष नोंदलेली तर पाहिजे.

आपल्याकडील विरोधाभास पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनंतर प्रत्येक उमेदवारास शपथपत्रावर आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले जाहीर करावे लागतात. त्याच्या पत्नीच्या अंगावर किती तोळे सोने आहे हे आपणास कळते. त्याने पाच वर्षांत लोकांच्या लक्षावधी कोटींवर कसे मत दिले हे कळत नाही. माझ्या मते विधिमंडळाच्या नियमांत एवढीच दुरुस्ती पुरे होईल की विनियोजन विधेयक, कर बसविणारे किंवा वाढविणारे विधेयक आणि पुरवणी मागण्या यांवरील अंतिम मत नेहमी नावानिशी नोंदले जावे. पक्षादेश राहील तर राहो. ज्याने तो पाळला त्याचे नाव तरी दिसेल. यास घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाचा नियम पुरतो. सदस्य स्वतःहून तो करतील अशी मात्र आशा नाही, कारण अंधारात सोय त्यांची आहे.

तोवर आपणास काय करता येईल? विहारातील वाचनालयात तरुणांनी अधिवेशनाचे कार्यवृत्त काढून वाचावे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ते मिळते आणि वाचण्यास वकील लागत नाही. आपल्या सदस्याने सामाजिक न्याय व शिक्षण खात्यांच्या मागण्यांवर भाषण केले काय, कपात सूचना दिली काय, मागील वर्षी मंजूर झालेल्या रकमेपैकी खर्च किती झाली हा प्रश्न विचारला काय, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. मोर्चे आपण पुष्कळ काढले, आणि ते काढावे लागतील. पण मार्चमध्ये मागण्या मतास येण्यापूर्वी एका मतदारसंघातील पन्नास कुटुंबांनी सदस्यास पत्र लिहून कळविले की सामाजिक न्यायाच्या मागणीवर आपण उभे राहून पोल मागावा, आणि न मागितल्यास त्याचे कारण पुढील सभेत विचारले जाईल, तर त्या पत्रांचे वजन एका मोर्चापेक्षा कमी भरणार नाही.

ज्या सभेपासून मी हा लेख सुरू केला तेथील उमेदवारांस मी अशा आशयाचे पत्र धाडले आहे. त्याखाली मतदार म्हणून पहिला अंगठा त्या वृद्ध भगिनीचा आहे. सहीच्या जागी नातवाने तिचे नाव लिहून देण्याची तयारी दाखविली होती. 'मत मी दिलंय, अंगठा माझाच पाहिजे,' असे म्हणून तिने शाईची डबी पुढे ओढली.